उतारवयात पेटी शिकताना : पुस्तक कोणते घ्यावे?

मला बाराखडी शिकवणारे गुरुजी आता सत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या गावच्या भजनात पेटी वाजवणारे गृहस्थ वारले आणि एकादशीचे भजन नुसत्या टाळ-पखवाजावर येऊन ठेपले. पेटी देवळात झाकून ठेवलेली. गुरुजींनी मनावर घेतले आणि मला निरोप धाडला, "येताना पेटीचं एखादं पुस्तक घेऊन ये." मी नेले. त्यांच्या पुतण्याने आणखी एक आणून दिले. चार महिन्यांनी पुन्हा गेलो, तर पेटीवर फडके तसेच! गुरुजी म्हणाले, "अरे, माझं डोकंच म्हातारं झालंय. वाचतो नीट, पण चाल वाकडी निघते."

दोन्ही पुस्तके पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा चूक सापडली. ती गुरुजींची नव्हती. न पाहता पुस्तक देणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

आपल्याकडे स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती विशेष चालतात. एक पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची, दुसरी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले की तो तार सप्तकातला, म्हणजे वरचा; पायाशी टिंब असले की मंद्र, म्हणजे खालचा. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र स्वर दाखवते आणि तार स्वरावर उभी रेघ येते. आता भूपातली साधी चाल घ्या : सा, खालचा ध, पुन्हा सा. दुसऱ्या पुस्तकात त्या धवर टिंब होते. पहिल्या पुस्तकाच्या सवयीने गुरुजींचा हात खाली येण्याऐवजी थेट पेटीच्या उजव्या टोकाला जाई. मग चाल सरळ कशी निघावी? दोन्ही पद्धती थोरच. पण नवशिक्याने एका वेळी एकच धरावी. म्हणून पुस्तक घेताना आधी खुणांचे पान उघडावे, मग किंमत पाहावी.

दुसरी गोष्ट पट्टीची. पुष्कळ पुस्तकांत पांढरी एकमध्ये सा धरलेले चित्र असते. आपले भजन काळी एकमध्ये होत असेल, तर बोटांची जागा सगळीच बदलते. ज्या पट्टीत गावचा गळा लागतो, तिचे चित्र पुस्तकात हवे. नसेल तर जाणत्याकडून ते काढून घ्यावे.

तिसरी गोष्ट अगदी घरगुती. पेटीवर एक हात भात्याला गुंतलेला, दुसरा सुरांवर. पान धरायला तिसरा हात कुठून आणायचा? तेव्हा अक्षर ठळक हवे आणि पुस्तक पेटीवर ठेवले की उघडे राहायला हवे.

पियानोची विलायती पुस्तके पाहिलीत, तर त्यांत प्रौढांसाठी निराळ्या माला आढळतात. स्वरांवर बोटांचे आकडे छापतात : अंगठा एक, करंगळी पाच. ही सोय आपणही पेन्सिलीने करून घ्यावी. आणि वेगळी माला का, बरे? मुलाची बोटे लवचिक, पण कान कोरा. वडीलधाऱ्यांची बोटे आखडलेली, पण कानात साठ वर्षांच्या आरत्या, ओव्या, अभंग भरलेले. त्यांच्या पुढ्यात बडबडगीते ठेवली, तर ते संकोचतात. अलंकारांचे चार धडे होताच ओळखीची चाल देणारे पुस्तक त्यांना द्यावे. चुकले तर त्यांचा कानच त्यांना सांगतो.

गुरुजींनी एक पुस्तक पुतण्याला परत दिले. दुसऱ्यात मी बोटांचे आकडे घालून दिले. गेल्या एकादशीला त्यांनी दोन अभंग वाजवले. मध्ये एकदा लय सुटली. पखवाजवाल्याने सांभाळून घेतली.

शिक्षकबंधूंना एवढीच विनंती : कुणी वडील माणूस "आता माझ्याच्यानं होत नाही" म्हणाले, तर त्यांच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी त्यांच्या हातातले पुस्तक एकदा उघडून पाहा.