जगाच्या इतिहासाचा पहिला तास
(शिक्षक-संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात माध्यमिक शाळेतील जगाच्या इतिहासाविषयी मी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या हातून शिकून गेलेले मूल पुढे ज्या उंबरठ्यावर अडखळते, तो उंबरठा आपण एकदा पाहून ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.

विस्तार अधिकारी होण्यापूर्वी मी काही वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत असे. खेड्यातील शाळेतून आलेली एक हुशार मुलगी माझ्या वर्गात होती. प्राचीन संस्कृतींचा पाठ चालू असता मी तिला विचारले, "इ. स. पू. २५०० आधी, की इ. स. पू. १५०० आधी?" तिने "१५००" असे उत्तर दिले. वर्ग हसला, आणि सांगण्यास संकोच वाटतो, मीही हसलो. त्या वर्षी इतिहासाच्या तासाला तिने पुन्हा हात वर केला नाही. वास्तविक लहान संख्या आधी आणि मोठी नंतर, हा नियम आपणच तिला गणितात शिकविला होता. तो येथे उलटा का होतो, हे मात्र तिला कोणी दाखविले नव्हते.

जगाच्या इतिहासात मुलापुढे प्रथम येते ती ही कालाची अडचण. दुसरी अडचण स्थलाची. जिल्ह्याचा व राज्याचा नकाशा ओळखणारे मूल जगाच्या नकाशात आपला देश शोधताना चाचपडते. तिसरी शब्दांची. १९४२ च्या ऑगस्ट क्रांतीची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी 'औद्योगिक क्रांती' हे शब्द वाचून विचारतो, "गुरुजी, ही लढाई कोणी जिंकली?" प्रश्न रास्त आहे. चौथी अडचण सर्वांत मोठी. आजवर त्याने इतिहास थोर पुरुषांच्या चरित्रांतून ऐकलेला असतो. येथे नायक दिसत नाही आणि प्रश्नपत्रिका 'कारणे लिहा' म्हणते. मग मूल पाठांतराचा आश्रय घेते आणि विषय त्याला कायमचा परका होतो.

ही परकेपणाची भिंत कशी उतरते, याचे एक उदाहरण देतो. विषय आपल्या शेतातला आहे, कापूस. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण या भागांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील मळ्यांत गुलामांच्या श्रमाने पिकणारा कापूस इंग्लंडच्या लँकेशायर भागातील गिरण्यांना जात असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो कामगार उपाशी राहिले आणि व्यापारी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. मुंबईत भाव कडाडले. वऱ्हाड-खानदेशात कापसाचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, आणि मुंबईतील अनेक पेढ्या व बँका बुडाल्या. तेजीत काढलेले कर्ज मंदीत फेडता येईना. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध उठले, त्याच्या अनेक कारणांपैकी हेही एक होते.

कापसाचा भाव पडला म्हणजे घरात काय होते, हे आपल्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. आपल्या पणजोबांच्या आधीच्या पिढ्यांचा संसार साता समुद्रापलीकडील युद्धाने हालला, हे एकदा उमगले की अमेरिका त्याला परकी राहत नाही. 'कारणे लिहा' या प्रश्नाचा अर्थही त्याला तेथेच कळतो.

मग आपण काय करावे? पाठ्यपुस्तके बदलतात, अभ्यासक्रमही बदलतो; पण पुढील तीन गोष्टी कोणत्याही इयत्तेत चालतात आणि त्यांना खर्च नाही.

पहिली, व्हरांड्यात एक लांब सुतळी बांधावी. मध्ये कोठे तरी लाल चिंधी बांधून तेथून इसवी सन सुरू झाला असे मानावे. एक वीत म्हणजे शंभर वर्षे. उजवीकडे सुमारे पावणेसतरा वितींवर १६७४ चा शिवराज्याभिषेक येतो. विसाव्या वितीपलीकडे आपण उभे आहोत. डावीकडे पंचविसाव्या वितीवर सिंधू संस्कृतीची भरभराटीची नगरे. चिंधीपासून जितके डावीकडे दूर जावे तितके जुने, हे मूल मग पायांनी चालून शिकते.

दुसरी, कोणत्याही गावाचे वा देशाचे नाव निघाले की पृथ्वीगोलावर किंवा नकाशावर बोट ठेवल्यावाचून पुढे जाऊ नये. शिवरायांचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी फ्रान्सच्या गादीवर चौदावा लुई होता, एवढे सांगून फ्रान्स दाखवावा. एका वाक्याने जग रुंद होते.

तिसरी, गोष्ट संपल्यावर "काय झाले?" याबरोबर "का झाले?" हेही विचारावे. उत्तर चुकले तरी चालेल. ते कोणत्या विचाराने चुकले, हे शांतपणे पाहावे. मात्र हसू नये.

ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात बुद्धीची उणीव नव्हती. एक सुतळी आणि थोडा धीर, एवढेच कमी पडले होते. त्यातला धीर देणे माझे काम होते. सुतळी आपण बांधावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.