न सांगणाऱ्या लेकराची तहान

(वर्धापनदिनाच्या मेळाव्यातील भाषण)



माझा धाकटा मुलगा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तो स्वमग्न आहे. डॉक्टर यास ऑटिझम म्हणतात. नऊ वर्षांचा झाला, पण तहान लागली की पोट दुखते, हे तो सांगत नाही.

मागल्या पावसाळ्यात त्याला ताप व जुलाब झाले. मी घरातले आयबुप्रोफेनचे औषध दोनदा पाजले. दुसऱ्या दिवशी त्याला रुग्णालयात ठेवावे लागले व जंतुनाशक इंजेक्शने सुरू झाली. सलाईनची सुई त्याने दोनदा उपटली. परक्या पेल्यातले पाणी तोंडाला लावले नाही. परक्या संडासात तो जातच नाही, म्हणून दिवसभर लघवी झाली नाही तरी मी तो हट्टच समजले. घरी दिलेल्या औषधाबद्दल मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. रात्री एका परिचारिकेने लघवीची चौकशी केली, तेव्हा धावपळ झाली. रक्तातील क्रिएटिनिन वाढले होते. इंजेक्शन बदलले, सलाईन नीट चालू राहील अशी व्यवस्था केली, आणि चार दिवसांनी मूत्रपिंडे पूर्ववत झाली. त्या चार रात्री मी कशा काढल्या, ते माझे मला माहीत.

पुढे डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. मूत्रपिंड म्हणजे रक्ताचे गाळणे. जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले की त्याला रक्त कमी पोचते. त्यात आयबुप्रोफेन दिले तर आणखी कमी पोचते. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे त्या गाळण्यालाच इजा करू शकतात. ही औषधे जीव वाचवतात, ती वाईट नव्हेत. पण मात्रा वजनावर बेतलेली हवी आणि तपासणी वेळेवर हवी.

अमेरिकेत सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात २०११ पासून असा नेम आहे, की मूत्रपिंडाला जड अशी तीन किंवा अधिक औषधे एकाच वेळी चालू असलेल्या मुलाचे क्रिएटिनिन रोज तपासावयाचे. औषधांमुळे होणारी मूत्रपिंडाची इजा तेथे ६४ टक्क्यांनी घटली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

आपली मुले रक्त काढू देत नाहीत, म्हणून तपासणी मागे पडते. तसे होऊ देऊ नये. मुलाला जवळ घ्यावे, त्याचे आवडते खेळणे हाती द्यावे, पण तपासणी करून घ्यावी.

मुलाला दाखल करताना घरचा पेला व घरचे भांडे बरोबर न्यावे. घरी दिलेले प्रत्येक औषध, काढासुद्धा, लिहून डॉक्टरांना दाखवावे. मुलाचे वजन करवून घ्यावे. नवे औषध आले की, “हे मूत्रपिंडाला जड आहे का?” असे विचारावे; मात्र आपल्या मनाने औषध बंद करू नये. किती प्याला आणि किती लघवी झाली, हे वहीत मांडावे. वीस किलोच्या मुलाला सहा तासांत साठ मिलिलिटरही लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी परिचारिकेला उठून सांगावे. क्रिएटिनिन चढावयास वेळ लागतो. लघवी आधी खबर देते.

मी सातवी शिकलेली. पण दुधाचा हिशेब आपण सगळ्याच ठेवतो. हा त्याहून अवघड नाही. मी तो त्या दिवशी ठेवला नाही, म्हणून आज बोलले.