माडावरचं भोक कुणाचं?



भुईगावच्या वाडीत एखादा माड सुकायला लागावा, खोडावर भोकं दिसावीत आणि नेमका त्याच खोडावर सोनपाठी सुतार टकटक करताना सापडावा, की खटला जागीच निकाली निघतो. 'या पाखरानंच माड खाल्ला!' आज मी या पाखराचं वकीलपत्र घेतलं आहे.

पुरावा माडावरच असतो, आणि खरे आरोपी दोन भुंगे आहेत. सोंड्या भुंग्याचं भोक बारीक, ओबडधोबड. त्यातून तपकिरी, आंबूस वासाचा रस ओघळतो, चघळलेले तंतू बाहेर पडतात. खोडाला कान लावला तर आतल्या अळ्यांची कुरतड ऐकूही येते. गेंड्या भुंगा शेंड्यात शिरतो आणि न उमललेला पाला पोखरतो. पुढे झावळी उलगडली की ती कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. यातलं काहीच सुताराचं काम नव्हे.

त्याचं काम दोन तऱ्हांचं. पोटासाठी ठोकलेल्या खाचा उथळ आणि वेड्यावाकड्या असतात, आजूबाजूची साल उचकटलेली. त्यातून लांब, चिकट जिभेनं तो मुंग्या आणि अळ्या ओढून काढतो. घरट्याचं दार मात्र गोल, कडा साफ, आत थोडा आडवा बोगदा आणि मग खाली उतरणारी पोकळी. गवत-कापसाचं अस्तर नाही. असं दार ताजं असेल तर बुंध्याशी भुसा पडलेला दिसेल. या कष्टांसाठी तो सहसा मेलेलं किंवा आतून कुजलेलं लाकूडच शोधतो.   

आता थोडं आपल्याकडे बघू. आंब्याची जखम सालीनं भरून येते, माडाची येत नाही. चढण्यासाठी कोयत्यानं कोरलेल्या पायखाचा जन्मभर तशाच राहतात, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. त्याला दार पुष्कळदा आपणच उघडून दिलेलं असतं. सुतार येतो तो मागाहून.

शिवाय त्यानं सोडलेल्या घरात दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा असे भाडेकरू येतात. यातल्या बहुतेकांना लाकूड कोरून घर करता येत नाही.

मेलेला माड पाखरांसाठी उभा ठेवा, असं मी सांगणार नाही. सडक्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेजारच्या वाडीलाही त्याचा त्रास होतो. पण आंबा, चिंच, शिरीष यांची एखादी वाळकी फांदी घरावर, रस्त्यावर किंवा विजेच्या तारेवर पडणार नसेल, तर राहू द्या. आपण पावसाआधी, मे महिन्यात छाटणी काढतो आणि सोनपाठी सुताराची वीण साधारण मार्च ते ऑगस्ट चालते. म्हणून करवत लावण्याआधी वर बघा. गोल दार आणि खाली ताजा भुसा असेल, तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्या; अंडी घातल्यापासून त्याला साधारण महिनाभर लागतो. सोंड्यानं पोखरून मारलेला माड मात्र एक दिवसही ठेवू नका. तोडा, चिरा आणि जाळा.