उष्टावण झाले, पुढे काय?

(बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर येथील दांपत्यांसाठी केलेले भाषण)



उसाच्या घाईतून वेळ काढून तुम्ही जोडीने आलात, हे फार चांगले केलेत. कारण आजचा विषय एकट्या बायकांचा नाही. तान्ह्या लेकराला गव्हाच्या पिठाचे अन्न कधी आणि कसे द्यायचे, हे बापालाही ठाऊक हवे.

उष्टावण आपण थाटात करतो. मामा येतो, खिरीचे बोट चाटवतो, पाहुणे जेवून जातात. आणि दुसऱ्या दिवसापासून? पुन्हा नुसते दूध, नाहीतर चहात बुडवलेले बिस्कीट. बाळ मागे पडते ते इथेच. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध पुरते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर तेवढ्याने भागत नाही. लोह तर फारच कमी पडते. बिस्किटात मैदा आणि साखर, आणि चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

काही घरांत मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात करतात. घाई नको, सातव्यात करा. विषम महिन्याची रीतही राहते आणि सहा महिनेही भरतात. मुलाचे आठव्यात करायचे म्हणून तोवर उपाशी ठेवू नका. पोटाला मुलगा-मुलगी कळत नाही.

आता कृती सांगते. दोन वाट्या गहू आणि एक वाटी मूगडाळ वेगवेगळी खमंग भाजा, एकत्र दळा, कोरड्या डब्यात ठेवा. नुसत्या गव्हात जे कमी असते, ते डाळ भरून काढते. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग वाटीभर पाण्यात मंद आचेवर चांगले शिजवा आणि वर चमचाभर तूप किंवा तेल घाला. कच्चे पीठ कधीही चाटवू नका. वर्षाच्या आत मीठ नको, मध तर मुळीच नको. आपला गूळ जगात नावाजलेला खरा, पण बाळाला त्याची गोडी इतक्यात लावू नका.

लापशी चमच्यावर टिकली पाहिजे, घळाघळा वाहता कामा नये. पाण्यासारखी पेज पोट फुगवते, पण अंगाला काही लावत नाही. बाळाला घट्ट गिळवत नसेल तर एक युक्ती आहे. गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळा. घट्ट लापशी थोडी निवली की त्यात चिमूटभर हे पीठ ढवळा, लापशी आपोआप सैल होते. मग पुन्हा एक उकळी आणा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर पुष्कळ काम झाले.

पहिल्या दिवशी दोन-तीन चमचेच द्या, तेही सकाळी. म्हणजे दिवसभर बाळावर नजर राहते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, सारख्या उलट्या झाल्या तर गहू थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. काही मुलांना गहू हळूहळू बाधतो: महिनोन्‌महिने जुलाब, फुगलेले पोट, वजन वाढत नाही. अशा वेळी स्वतःहून गहू बंद करू नका, आधी तपासणी करून घ्या. खपली गहूही यात निर्धोक नाही. मात्र या भीतीने सगळ्याच बाळांना गहू उशिरा देण्यात काही अर्थ नाही.

नऊ महिन्यांपर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. पुढे आमटीत कुस्करलेली मऊ चपाती, अंडे, शिजवलेला पाला. भरवताना बाळ बसलेले असावे. कोरडा तुकडा हातात देऊन कामाला जाऊ नका. अंगावरचे दूध दोन वर्षे चालू राहू द्या.

तोडीला जाणाऱ्या बायका सकाळची लापशी थोरल्या पोरीजवळ ठेवून जातात. दुपारपर्यंत ती नासते, मग जुलाब लागतात. त्यापेक्षा कोरडे पीठ बरोबर न्या, फडाजवळ ताजे शिजवा. चूल पेटवायला कारभाऱ्यांना हात आहेतच!

आणखी एक गोष्ट, जी आत्याबाई सांगत नाहीत. पाळी आलेली नसेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर पहिले सहा महिने सहसा दिवस जात नाहीत. लापशी सुरू झाली की हा भरवसा संपतो. पाळी येण्याआधीसुद्धा दिवस राहू शकतात, आणि मग मांडीवरच्या लेकराचे दूध व लक्ष दोन्ही तुटते. म्हणून उष्टावणाची तारीख ठरवाल, त्याच आठवड्यात दोघे मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात या. तांबी, अंतराचे इंजेक्शन, निरोध, यांतले तुम्हाला काय सोयीचे ते तिथे विचारा. पैसे पडत नाहीत. येताना बाळालाही आणा, वजन करू आणि लोहाचे औषध आशाताईंकडून कसे घ्यायचे तेही समजावून देऊ.