‘बॉक्स गेला’ म्हणण्याआधी: जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे धक्के

आजचा विषय जुन्या गाडीचा आहे. दहा-बारा वर्षं चाललेली ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना धक्के द्यायला लागली, तर नेमकं काय बिघडलंय हे शोधायचं कसं? या तक्रारीला गॅरेजमध्ये एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘मॅडम, बॉक्स गेला.’ आणि बॉक्स उघडायचा खर्च ऐकला की घरात गाडी विकायच्या गोष्टी सुरू होतात.

आमच्याकडे हेच झालं. गाडी २०११ ची, छोटी हॅचबॅक, चार गिअरची ऑटोमॅटिक. चालवतात बाबा. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबवत नाही. गॅरेजने सांगितलेला आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर होता. म्हणजे गाडी गेली, आणि तिच्याबरोबर बाबांचं एकट्याने कुठे जाणं-येणंही. म्हणून म्हटलं, आधी बघू तरी खरंच काय गेलंय.

सगळ्यात आधी आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची आहे ते बघा. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओ आली आणि एएमटी घराघरात पोचली. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी अ‍ॅक्चुएटर हलवतो. तिथे धक्क्याचं कारण बऱ्याचदा झिजलेली क्लच प्लेट असते. सीव्हीटीमध्ये बेल्ट असतो, पायऱ्यांचे गिअरच नसतात. आमची गाडी जुन्या पद्धतीची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. आत ऑइलच्या दाबावर चालणारे क्लचचे संच असतात, तो दाब कुठे पाठवायचा ते व्हॉल्व्ह बॉडी ठरवते, आणि तिला हुकूम देतात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप होणारे छोटे व्हॉल्व्ह. आजचं बोलणं याच जातीबद्दल.

दुसरी गोष्ट, धक्का आणि घसरण यात फरक करा. गिअर पडताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं, तो धक्का. इंजिन भुर्र करून वर जातं, आरपीएम चढतो, पण गाडी वेग घेत नाही, ती घसरण. घसरण जास्त वाईट, कारण तेव्हा आतले क्लच जळत असतात. ती दिसली तर गाडी बाजूला लावा आणि उचलूनच न्या. आमच्याकडे फक्त धक्के होते.

मग मी बाबांच्या शेजारी बसून आठवडाभर वहीत टिपणं केली. गाडी किती वेळ चालली, कुठला गिअर पडताना धक्का आला, एसी चालू होता का, चढ होता का. कधी येतो, कधी येत नाही अशा बगच्या मागे ऑफिसमध्ये लागतो, तसंच हे. बाबांना सुरुवातीला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी तेच सांगायला लागले, ‘लिही, आत्ता आला. दुसऱ्यातून तिसऱ्यात.’

वहीत दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. एक, ब्रेक दाबून पी मधून आर मध्ये किंवा डी मध्ये टाकलं की ‘धड्’ असा आवाज. हा कायम, गाडी थंड असो की गरम. दोन, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाचा धक्का, तो मात्र ट्रॅफिकमध्ये वीस-पंचवीस मिनिटं गेल्यावरच. आणि एकदा सिंहगड रोडवर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकली. सिग्नलवरून निघताना इतकी सुस्त की मागचे हॉर्न मारून थकले. बाजूला घेतली, बंद केली, पुन्हा चालू केली, तर नीट!

माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा हाच. झिजलेला क्लच चावी फिरवून बरा होत नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला विजेच्या बाजूचा दोष दिसला, की तो बाकीचं नुकसान टाळायला गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो. बंद करून चालू केली की तो पुन्हा नव्याने प्रयत्न करतो. म्हणजे संशय वायर, कनेक्टर, सेन्सर नाहीतर सोलेनॉइडवर.

‘धड्’ आवाजाचा निकाल दहा मिनिटांत लागला. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर घट्ट, आणि गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं नाही, ही अट पक्की. डी, मग आर, असं टाकत बाजूला उभं राहून बघितलं. इंजिन थोडं हलतंच, पण आमचं चांगलं उचलून आपटत होतं. इंजिन माउंटचं रबर फाटलेलं. गिअरबॉक्सचा काही संबंध नाही, तरी सीटवर बसलेल्याला गिअरबॉक्सच धडकल्यासारखा वाटतो.

पुढे ऑइल. हे इंजिन ऑइल नव्हे, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. बहुतेक गाड्यांत ते गरम असताना, इंजिन चालू ठेवून डिपस्टिकवर बघतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून. त्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नका. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. नवं फ्लुइड बहुधा लाल असतं. तपकिरी झालं तर जुनं. काळं आणि जळका वास, तर क्लच जळतायत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय, गाडी चालू करू नका. आमचं गडद तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता. पातळी बरोबर.

मग स्कॅनर. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर इंजिनचे कोड वाचतात, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचतीलच असं नाही. त्यात भारतात ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ चा, आमची गाडी त्याआधीची. म्हणून त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन शोधला. नुसता पी०७०० दिसला तर तो फक्त ‘गिअरबॉक्सकडे बघा’ असं सांगतो. त्याच्या मागचा कोड महत्त्वाचा. आमचा मागचा कोड एका शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटचा निघाला.

इथेही लगेच पार्ट मागवला नाही. सर्किटचा कोड म्हणजे सोलेनॉइडच खराब असं नाही, वायरही असू शकते. दादांनी बाहेरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून चारही सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजला. थंड गाडीत चारही सारखे. मग अर्धा तास गाडी फिरवून आणली आणि पुन्हा मोजला, तर एकाचं सर्किट पूर्ण तुटलेलं दाखवलं. वहीतली वीस-पंचवीस मिनिटं तिथे जुळली.

तो सोलेनॉइड बदलायला बॉक्स खाली उतरवावा लागला नाही. पॅन काढून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत पोचता आलं. पॅनच्या चुंबकावर बारीक करडा गाळ होता, तो नेहमीचाच; धातूचे तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती. फिल्टर बदलला, माउंट बदललं, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच फ्लुइड भरलं. या बाबतीत ‘सगळ्यांना चालतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मशीन लावून फ्लश करायलाही मी नाही म्हटलं. वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलवर दाबाने फ्लश मारला तर सुटलेला गाळ व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. सगळा खर्च पहिल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसला.

सुरुवातीचे दोन दिवस गिअर थोडे विचित्रच पडले. काम करताना बॅटरी काढली होती, त्यामुळे कंट्रोलर शिकलेलं विसरला आणि पुन्हा शिकायला त्याला वेळ लागला. आता ‘धड्’ नाही, तिसरा गिअर गुपचूप पडतो. सकाळच्या पहिल्या मिनिटात पहिल्यातून दुसऱ्यात किंचित हिसका अजून जाणवतो. पॅन काढून फ्लुइड बदललं तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं जुनं आतच राहतं, त्यामुळे काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलणार आहोत. तोवर वही गाडीतच आहे, आणि आता ती बाबाच लिहितात.