नदीचे ऋण आणि विद्यार्थ्यांचे श्रम

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आज आपण समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्या भूमीने व ज्या पाण्याने आपणांस वाढविले, त्यांच्या ऋणाचा हिशेब गुणपत्रिकेत नसतो. त्या ऋणाविषयी चार शब्द बोलावेत, असे मी योजिले आहे.

आपली पूर्णा सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेव येथे तापीस मिळते. तिच्याच काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. तेथे संत गाडगेबाबांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधविला. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेविला, तोही पूर्णेची उपनदी जी पेढी, तिच्याच परिसरात, वलगावनजीक. १९८३ साली स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आज बाबांचेच नाव धारण करते. ज्या विद्यापीठाच्या नावात खराटा हाती घेणारा संत आहे, त्याच्या विद्यार्थ्याने कुदळ हाती घेण्यास संकोच का करावा?

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास सेवा करतो आणि दत्तक गावी सात दिवसांच्या शिबिरास जातो. चर खणले जातात, पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घातले जातात, रात्री प्रबोधनाचे कार्यक्रम होतात. हे सर्व स्तुत्यच आहे. तथापि आठव्या दिवशी विद्यार्थी परततात आणि पुढल्या पावसात त्या चरांचे काय झाले, हे पाहावयास फारच थोडे जातात. सेवा झाली, पण शिक्षण झाले काय, हा माझा प्रश्न आहे.

पाण्याचे काम केवळ अंगबळाचे नाही. आपल्याच खोऱ्याचे उदाहरण घ्या. अकोट, तेल्हारा, अचलपूर या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे. तेथे डोंगरावरून आलेले पाणी अडविले की ते भूमीत मुरते आणि विहिरींना लाभते. तेथून दक्षिणेस पूर्णाकाठी उतरावे, तो खारपाणपट्टा लागतो. तेथील भूगर्भातील पाणीच खारे. ते पिण्यास नको आणि पिकासही नको, कारण त्याने काळी जमीन अधिकच बिघडते. तेथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात वरच्यावर साठवून ठेवणे, हाच शहाणपणाचा मार्ग. म्हणजे एकाच नदीच्या खोऱ्यात एके ठिकाणी पाणी मुरवावयाचे, तर दुसरे ठिकाणी साठवावयाचे. हा भेद न जाणता कुदळ चालविली, तर घाम गळेल, परंतु फळ मिळेलच असे नाही.

म्हणून श्रमाला अभ्यासाची जोड हवी. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावच्या विहिरींचा खारेपणा मोजावा. भूगोलाच्या विद्यार्थ्याने नाल्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखावे. कृषीच्या विद्यार्थ्याने माती तपासावी. त्यासाठी अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहेच. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी वहीत नोंदवावी आणि ती वही पुढील वर्षीच्या तुकडीच्या हाती द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसेवेस अभ्यासक्रमात स्थान देऊन तिला श्रेयांक देऊ केले आहेत. ते श्रेयांक हजेरीचे न ठरता या वहीचे ठरावेत.

जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याच्या हजारो नागरिकांनी मोर्णा नदीत उतरून जलकुंभी काढली. त्या उत्साहाचे कौतुक देशभर झाले, आणि ते योग्यच होते. परंतु जलकुंभी हे लक्षण आहे; रोग आहे नदीत मिळणारे सांडपाणी. ते थांबेपर्यंत उपटलेली वनस्पती पुन्हा माजणारच. लक्षण व रोग यांतील अंतर ओळखणे, यासच विद्या म्हणतात.

आता समाजबांधवांना दोन विनंत्या. पहिली ही की, मुलींना शिबिरास पाठविण्यास मागेपुढे पाहू नका. घरातील पाण्याचा भार आजवर स्त्रीनेच वाहिला आहे; पाण्याच्या विचारातही तिला स्थान हवे. दुसरी विनंती थोडी अवघड आहे. आपले मंडळ ज्ञातीचे आहे आणि ज्ञातीच्या उन्नतीसाठी झटणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पण उताराचे पाणी कोणाची वस्ती कोणती, हे विचारीत नाही. वरच्या शेतात बांध घातला, तर खालच्या शेतातील माती वाचते. तो खालचा शेतकरी कोणत्या ज्ञातीचा, हा प्रश्न तेथे उरत नाही. तेव्हा मंडळाने एखादा नाला जवळच्या महाविद्यालयाच्या साह्याने दत्तक घ्यावा आणि तो निवडताना आपल्या घरांची संख्या मोजू नये. काठावरच्या सर्व समाजांना बरोबर घ्यावे. निदान पाच वर्षे तोच नाला सोडू नये. या निमित्ताने आपल्या मुलांना शेजाऱ्याची विहीरही आपली वाटू लागली, तर तो लाभ पाण्याहून कमी मोलाचा नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, आज मिळालेली प्रशस्तिपत्रे आपण घरी जपून ठेवालच. त्यांच्याशेजारी आपल्या गावच्या विहिरीच्या नोंदींची एक वहीही असावी, एवढीच अपेक्षा.