ब्लोअर गप्प का बसतो?

1995 साली पुण्यात जुळणी सुरू झालेली मर्सिडीजची डब्ल्यू 124 आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांची लाडकी आहे. एसी चालू, पण हवाच येत नाही, ही तिची नेहमीची तक्रार. आधी फ्यूज बघा. शाबूत दिसला तरी टोकं काळवंडलेली असू शकतात. मग ब्लोअरची मोटर. ती काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली दडलेली. वायपर उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. स्विच चालू ठेवून पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोका. फिरू लागली, तर कार्बन ब्रश झिजलेत समजा. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि वेग सांभाळणारा महागडा रेग्युलेटरही जाळते. तेव्हा नुसता रेग्युलेटर बदलू पाहणाऱ्या मेकॅनिकला स्विच बंद करून आधी पंखा हाताने फिरवायला सांगा. आणि हो, तिथला पालापाचोळाही काढून घ्या.